राज्यांचे अधिकार आणि कोयत्याची उचल

अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स बुकॅनन यांनी डिसेंबर १८६० मध्ये आपल्या काँग्रेसला पाठविलेल्या संदेशात गुलामगिरी हा ज्या त्या राज्याचा प्रश्न असल्याचे बजावले. राज्यांना संघातून फुटण्याचा अधिकार नाही, पण फुटणाऱ्यांना सक्तीने रोखण्याचा अधिकार केंद्रालाही नाही, असा त्यांचा पवित्रा होता. लिंकन यांनीही ४ मार्च १८६१ रोजी दक्षिणेतील गुलामगिरीला हात न लावण्याची ग्वाही दिली होती. युद्धाच्या रेट्याने १८६३ चा मुक्तिजाहीरनामा निघाला आणि १८६५ मध्ये तेरावी घटनादुरुस्ती झाली.

राज्यांच्या अधिकाराचा हा घोष कितपत प्रामाणिक होता? पळून गेलेला गुलाम उत्तरेतील राज्यांनी धरून द्यावा, असा केंद्रीय कायदा १८५० मध्ये मळेवाल्यांनीच करवून घेतला. त्या वेळी उत्तरेच्या राज्यांचे अधिकार त्यांना आठवले नाहीत. अधिकार राज्याचा नव्हता, मालकाचा होता.

'गुलामगिरी' हा ग्रंथ १८७३ मध्ये अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण करणाऱ्या जोतीराव फुल्यांनी हे दुःख आपल्या मातीतील दुःखाशी जोडले होते. तो धागा आज बीड जिल्ह्यापर्यंत येऊन पोहोचतो. दसरा-दिवाळीनंतर बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील गावे ओस पडतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. त्या कोयत्यावर मुकादम उचल देतो आणि ती फिटेपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात ऊस तोडावा लागतो. हंगाम संपला तरी बाकी उरते आणि पुढील वर्षाच्या खात्यावर चढते. माणसाची ओळख त्याच्या हातातील हत्याराने व्हावी, याहून बोलका पुरावा कोणता?

घटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीस बंदी केली. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीचे कर्ज रद्द ठरविले. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबविणे हीही सक्तीची मजुरीच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये सांगितले. तरीही जाब विचारला की कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो आणि मुकादम मजुराच्या 'राजीखुशी'कडे. मजूर सीमा ओलांडून गेला की एक सरकार म्हणते, काम आमच्या हद्दीत नाही. दुसरे म्हणते, माणसे आमची नाहीत. हा बुकॅननचाच युक्तिवाद आहे.

लोहियांच्या चौखंबा राज्याचा पुरस्कार करणाऱ्या आम्हां समाजवाद्यांना राज्यांचे अधिकार प्रिय आहेत. परंतु सत्तेचे विकेंद्रीकरण म्हणजे जबाबदारीची पळवाट नव्हे. जो अधिकार शेवटच्या माणसापर्यंत उतरत नाही, तो वाटेतल्या मालकाच्याच हाती राहतो.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. ज्याचा ऊस गाळला जातो त्या कारखान्यानेच प्रत्येक मजुराची, नवऱ्याची आणि बायकोची स्वतंत्र, नोंद करावी व मजुरी थेट द्यावी. १९७६ च्या कायद्यातील जिल्हा दक्षता समितीने हंगामापूर्वी उचलीचे हिशेब तपासावेत. दोन्ही राज्यांनी मिळून जबाबदारी उचलावी.

एवढ्यानेही भागणार नाही. अमेरिकेत मुक्त झालेल्या गुलामांना जमीन मिळाली नाही. वाट्याच्या शेतीने आणि सावकारी कर्जाने त्यांना पुन्हा त्याच मळ्यांत जखडले. बीडच्या शिवारात पाणी आणि गावात रोजगार हमीचे काम मिळाल्याखेरीज कायद्याने तोडलेली बेडी उचलीच्या रूपाने पुन्हा पायात पडेल. ती कायमची तोडणे हाच खरा मुक्तिजाहीरनामा ठरेल.