साडी उलटी करून पाहा

लालचक्कीच्या बाजूस एका दुकानात गेल्या आठवड्यात आमच्यापुढे एक साडी उलगडण्यात आली. पदरावर चौकोनी जाळीचा सुरेख कशिदा होता आणि चिठ्ठीवर 'अस्सल कच्छी, हातकाम' अशी अक्षरे होती. आम्ही पदर उलटा केला. मागे टाक्याटाक्याखाली बॉबीनच्या दोऱ्याची दाट रेघ दिसली. अर्थात काम यंत्राचे. दुकानाचे नाव आम्ही छापीत नाही, कारण दोष त्या एका दुकानाचा नव्हे. 'हातकाम' हा शब्द खोटा होता हे तर उघडच आहे. परंतु 'कच्छी' हा शब्दही अर्धाच खरा होता, आणि कॅम्प चारच्या रहिवाशांचे मोठे नुकसान त्या शब्दात आहे.

ज्या वीणेची ती नक्कल होती तिला सिंधमध्ये हुरमुचो म्हणतात. ती कच्छातही काढली जाते, पण तेथेही तिचे नाव 'सिंधी तारोपा' असेच आहे. तिची रीत समजून घेण्याजोगी आहे. प्रथम कापडातून आडवेउभे दोरे घालून एक सांगाडा उभारावयाचा. मग दुसरा दोरा त्या सांगाड्याच्या वरून-खालून, खाट विणावी तसा, गुंफीत न्यावयाचा. या गुंफणीत सुई कापडात शिरत नाही, म्हणून पुष्कळ बायका सुईची बोथट बाजू पुढे धरतात. यंत्राची गोष्ट याच्या नेमकी उलट. त्याचा प्रत्येक टाका कापडास भोक पाडूनच बसतो, कारण वरचा व खालचा दोरा कापडाच्या पोटात एकमेकांस अडकावा लागतो. यंत्र हुरमुचोचे चित्र काढू शकते, हुरमुचो काढू शकत नाही. पारख करण्यास गिऱ्हाइकाला दुसरे काही नको, पदर उलटावा. मागे सांगाड्याचे थोडे तुरळक टाके दिसले तर हात, सगळी नक्षी भरलेली दिसली तर यंत्र.

१९४७ नंतर सिंधमधून निघालेली कुटुंबे कल्याणच्या लष्करी छावणीतील बराकीत येऊन राहिली, आणि १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. घरदार, शेती, पेढ्या मागे राहिल्या. बायकांच्या बोटांतील टाका तेवढा बरोबर आला. मराश येथील आर्मेनियन लोकांचे असेच झाले. १९१५ पासून ते देशोधडीस लागले, पण याच घाटाची गुंफण त्यांनी बरोबर नेली. आणि ती आजही मराशच्याच नावाने ओळखली जाते. येथील नक्षी मात्र शेजारच्या मुलखाचे नाव लावून विकली जाते. या शहराच्या मालावर परक्या नावाच्या चिठ्ठ्या असतात ही टवाळी येथील व्यापाऱ्यांनी पुष्कळ ऐकली आहे. स्वतःच्या घरच्या वस्तूसही परके नाव द्यावे, ही त्या टवाळीची कमाल झाली!

आता कायद्याचे पाहू. विणकराच्या पाठीशी १९८५ चा हातमागासाठी वस्तू राखून ठेवणारा कायदा आहे, आणि तो १९९३ साली सर्वोच्च न्यायालयात टिकला. कशिदा काढणारीस तसा आधार नाही. धारवाडकडील कसुती, जी आपल्या आयाबहिणी इरकली लुगड्यावर ओळखतात, लखनौचे चिकन आणि कच्छी भरतकाम यांची भौगोलिक निर्देशनाखाली नोंद झाली आहे. पण तो १९९९ चा कायदा वस्तूचा मूळ प्रदेश विचारतो. ज्यांचा प्रदेशच फाळणीने सीमेपलीकडे गेला त्यांनी कोणता नकाशा पुढे करावा? कायदा भूमीस ओळखतो, ती सोडून आलेल्या हातास ओळखत नाही.

तथापि मार्ग बंद नाही. त्याच वर्षीच्या व्यापारचिन्हांच्या कायद्यात सामूहिक चिन्हाची सोय आहे. ते चिन्ह संस्थेच्या मालकीचे असते, ते सभासदांनी वापरावयाचे, आणि वापराचे नियम अर्जाबरोबर दाखल करावयाचे. त्यासाठी जन्मभूमीचा दाखला लागत नाही. कशिदा काढणाऱ्या भगिनींनी आपली संस्था करावी, हाताने गुंफलेल्या कामासच चिन्ह लागेल असा नियम लिहावा, आणि व्यापारी मंडळींनी तिच्या अर्जाचा खर्च उचलावा. हा धर्मादाय नव्हे. त्यांच्याच दुकानाची पत त्यात आहे.

कोणी म्हणेल की गिऱ्हाईक स्वस्त मागते, त्यास हाताचे काम परवडत नाही. मग यंत्राचे काम यंत्राचे म्हणून विका. यंत्राशी आमचे वैर नाही. त्यावरही या गावातील पुष्कळांच्या चुली पेटतात. पण यंत्राच्या साडीस हातकामाचे नाव दिले की हाताच्या साडीचा भाव यंत्राच्या भावाशी येऊन टेकतो, आणि जी बाई एका पदरावर दिवसचे दिवस डोळे घालते तिला 'एवढ्यात तर तयार मिळते' असे ऐकावे लागते. तिची मुलगी मग सुई हाती धरीत नाही, आणि तिला दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

संस्था होईल तेव्हा होवो. तोवर प्रत्येक साडीवर काम हाताचे की यंत्राचे आणि टाका कोणता, एवढ्या दोन ओळी दुकानदारांनी लिहाव्या. अशा चिठ्ठीचा नमुना मराठी व सिंधी अशा दोन्ही भाषांत आम्ही आमच्या खर्चाने छापून देऊ. ज्यांस हवा असेल त्यांनी कचेरीत येऊन न्यावा.