यंत्र स्थिर, पण हात कोणाचा?

लग्नसराई जवळ आली, की सुरतेतील आपल्या मराठी घरांतूनही आता शालू-दागिन्यांबरोबर चेहरा 'भरून' घेण्याची चर्चा ऐकू येते. त्यासाठी त्वचेखाली बहुधा हायल्युरॉनिक आम्लाचे जेलीसारखे द्रव्य टोचतात. १९३४ मध्ये मायर व पामर यांनी हे आम्ल प्रथम गुरांच्या डोळ्यांतून वेगळे केले.

द्रव्य दाट, सिरिंज अंगठ्याने दाबताना हात शिणतो. म्हणून हातात धरावयाचे मोटरचे यंत्र निघाले. ते दट्ट्या संथ, ठरावीक गतीने पुढे सारते. सोय खरीच, परंतु सुईचे टोक कोठे आहे, हे मोटर जाणत नाही. द्रव्य रक्तवाहिनीत शिरले तर त्वचा मरते, क्वचित दृष्टीही जाते. सुईविना, केवळ दाबाने द्रव्य घुसविणाऱ्या 'पेना'विरुद्ध अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये इशाराच दिला.

भगिनींनो, यंत्राची चौकशी मागाहून करा. आधी विचारा : टोचणारा हात तज्ज्ञ डॉक्टरांचा आहे काय? द्रव्य विरघळविणारे हायल्युरॉनिडेज जवळ आहे काय? उत्तर टाळले गेले, तर निःसंकोच परत फिरा. मुहूर्त टळला तर दुसरा मिळतो. डोळा मिळत नाही.