कमरेवर हात ठेवलेला देव

अप्रेझलचा महिना आला की मंगळवारी आमची अर्धी टीम उशिरा उगवते. कारण विचारायची गरज नसते, कपाळावरचा टिळाच सांगतो. परवा एक मित्र चहा पिताना वैतागून म्हणाला, "एकवीस मंगळवार केले रे, तरी रेटिंग तेच. आता दुसरा देव बघायला हवा." सगळे हसले. मीपण हसलो.

पण मंडळी, हसण्याचा हक्क मला नाही. 2019 मध्ये बाबांची बायपास ठरली तेव्हा मीही नवस बोललो होतो. बाबा घरी आले नाहीत. पुढची दोन वर्षं मी देवळाची पायरी चढलो नाही. लोकांना वाटलं, बिचारा दुःखात आहे. खरं सांगू? व्हेंडरने डिलिव्हरी चुकवली की आपण कसे चिडतो, तसा मी चिडलो होतो. काम झालं नाही, कॉन्ट्रॅक्ट बंद!

बाबा फेब्रुवारीत गेले आणि त्याच आषाढीला आई वारीला निघाली. आळंदी ते पंढरपूर, जवळजवळ अडीचशे किलोमीटर, तेही त्या गुडघ्यांवर. पंढरपुरात रांग एवढी लांब की तिने नामदेव पायरीवर डोकं टेकलं, कळसाला हात जोडले आणि परतली. असंख्य वारकरी असंच करतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

"अगं, एवढं चाललीस आणि दर्शन न घेताच आलीस?"
"कळस दिसला की. भेट झाली."
"आणि मागितलंस काय?"
"त्याला भेटायला गेले होते रे, बाजाराला नाही."

पंढरपूरच्या मूर्तीकडे नीट बघा. बहुतेक देवांचा एक हात आशीर्वादाला वर असतो. विठोबाचे दोन्ही हात कमरेवर! देण्याघेण्याचा विषयच नाही. तो नुसता उभा आहे आणि लोक शतकानुशतकं त्याला नुसतं बघायला चालत येतायत. नवसाच्या देवघेवीवर तुकोबांनी कडक कोरडे ओढले, ते उगीच नाही.

आणि चोखोबा? चौदाव्या शतकातल्या या माणसाला देवळात पाऊलसुद्धा टाकू दिलं नाही. शेवटी मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत अंगावर पडून तो गेला. त्याची समाधी आजही महाद्वारापाशी आहे, दाराबाहेर. ते दार दलितांना उघडायला 1947 साल उजाडलं, सानेगुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. ही लाज आपली, तिला भक्तीचा मुलामा नको. पण चोखोबाला हिशोबाच्या भाषेत काय मिळालं होतं? तो देवाशी भांडला, जाब विचारला, पण त्याला सोडून गेला नाही. एकवीस मंगळवारांत देव बदलणाऱ्यांनी जरा विचार करावा.

आता कोणीतरी म्हणेल, ह्या पोट भरलेल्यांच्या गप्पा. पोर तापाने फणफणलेलं असताना आई मागणारच ना? मागूदे की! गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार सांगितलेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. चौघांनाही उदार म्हटलंय, संकटात हाक मारणाऱ्याला हाकललेलं नाही. माझं भांडण त्या आईशी नाहीच. माझं भांडण आपल्याशी आहे. फ्लॅट आहे, गाडी आहे, दोन्ही वेळचं गरम जेवण आहे, आणि तरी आपल्या प्रार्थना म्हणजे नुसती रिक्वायरमेंट्सची यादी. आळंदी ते पुणे एक टप्पा चालायचं, फोटो टाकायचे आणि मनात ऑनसाइटचं गाऱ्हाणं.

एक साधी टेस्ट आहे. समजा देव म्हणाला, तुझ्या यादीतलं सगळं देतो, पण यापुढे मी नाही. चुकल्यासारखं वाटेल का? की आपण म्हणू, "चालेल, यादी मेल करतो"?

ही टेस्ट मी अजून पास झालेलो नाही. दोन वर्षांनी पुन्हा देवळात गेलो, तेव्हाही हात जोडल्याबरोबर तोंडात मागणं आलंच. ते गिळलं आणि नुसता उभा राहिलो. काय बोलावं सुचेना. पाचएक मिनिटांनी बाहेर आलो.

आईला सांगितलं, तर म्हणाली, "पाच मिनिटं? पुढच्या वेळी दहा थांब."

असो. उद्या सोमवार. बोलायचं असेल तर खुशाल बोला, मार खायची तयारी ठेवूनच लिहिलंय.