जुन्या मोटारीच्या इंजिनाचा ताळेबंद

घरातील वीस-पंचवीस वर्षांची मोटार चढावर दमू लागली की गॅरेजमधून बहुधा एकच निरोप येतो: इंजिन उघडावे लागेल. हा खर्च कित्येकदा गाडीच्या किमतीस भिडतो. म्हणून होकार देण्यापूर्वी पेट्रोल इंजिनाची कॉम्प्रेशन चाचणी मागावी व प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून घ्यावा. पेढीवर तोंडी हिशेब चालत नाही. येथे तरी का चालावा?

चाचणीच्या वेळी इंजिन तापलेले, सर्व प्लग काढलेले, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि बॅटरी भरलेली असावी. बॅटरी मंद असेल तर सारेच आकडे उतरतात व निर्दोष इंजिन दोषी ठरते.

समजा, चार सिलिंडरांचे आकडे १४२, १४०, ९५ आणि १३८ पौंड आले. सरासरी काढण्यात अर्थ नाही. पाहावयाची ती तफावत. दहा-पंधरा टक्क्यांचा फरक वयोमानाचा समजावा. तिसरा सिलिंडर त्यापलीकडे गेला आहे. मात्र ९५ हा आकडा गळती सांगतो, गळतीचे स्थान सांगत नाही. एकाच नयाने वस्तू पूर्ण कळत नाही, हे अनेकान्ताच्या अभ्यासकास निराळे सांगावयास नको. त्या सिलिंडरात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा १३०च्या आसपास चढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर झिजले आहेत. फारसा हलला नाही तर संशय व्हॉल्व्हवर. लगतचे दोन सिलिंडर एकदम पडले असतील तर हेड गॅस्केटवर.

व्हॉल्व्हचे नाव निघताच हेड उतरविण्याची घाई करू नये. टॅपेटचे अंतर फार कमी झाल्यास व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, आणि ते जुळविणे अल्प खर्चाचे काम आहे. जुळवून पुन्हा मोजावे. मगच हेडचा विचार.

गाडी विकावयाची असेल तर याच चाचणीत एक लबाडी दडलेली आहे. ऑइल सोडून चढलेला आकडा मूळचा म्हणून दाखविणे, हे अचौर्याणुव्रताच्या अतिचारांतील हीनाधिक मानोन्मानाहून वेगळे कसे मानावे? ग्राहकाने मात्र प्लग आपल्यासमोर काढावयास लावावेत. प्लग ऑइलने ओला निघाला तर ते मुद्दाम सोडलेले असो वा रिंगांतून चढलेले, सौदा तेथेच थांबवावा.