ललिता पवारांची थप्पड : किस्सा नव्हे, अपघात

दर काही महिन्यांनी ललिता पवारांवरची एक पोस्ट फिरत फिरत माझ्यापर्यंत येते. मजकूर ठरलेला. १९४२, 'जंग-ए-आझादी'चं शूटिंग. प्रसंगात भगवानदादांनी थप्पड मारायची होती, ती फारच जोरात बसली. चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली, डावा डोळा कायमचा बारीक झाला. आणि शेवट काय, तर याच डोळ्यामुळे हिंदी सिनेमाला त्याची खाष्ट सासू मिळाली! खाली टाळ्यांचा पाऊस.

मला हा शेवट खटकतो.

त्या वेळी त्यांचं वय होतं २६. येवल्यात जन्मलेल्या ललिताबाई मूकपटाच्या काळापासून काम करत होत्या. नायिका म्हणून नाव होतं, 'दुनिया क्या है'सारख्या (१९३७) चित्रपटाची निर्मितीही त्यांनी केली होती. एका शॉटनंतर उपचारांचे हेलपाटे सुरू झाले आणि नायिकेच्या भूमिका सुटल्या. याला आपण नशिबाचा खेळ म्हणतो. कारखान्यात कामगाराचा हात मशीनमध्ये गेला तर नशीब म्हणतो का? कामावर झालेला अपघातच म्हणतो ना?

दुसरं म्हणजे, सगळं श्रेय त्या डोळ्याला कसं काय? 'श्री ४२०'मधली केळेवाली गंगामाई आठवा. 'अनाडी'मधल्या (१९५९) मिसेस डिसा आठवा, तोंडाने फटकळ आणि आतून लोण्यासारख्या. त्या भूमिकेला फिल्मफेअर मिळालं. डोळा तोच होता की! 'प्रोफेसर'मधली कडक आत्या प्रेमात पडून लाजते, तेव्हाही तोच. 'रामायण' मालिकेतली मंथरा बघून आमच्या शेजारच्या आजी बोटं मोडायच्या, ती करामतही डोळ्याची नव्हे, बाईंची होती. अपघाताचे गोडवे गाताना आपण त्यांच्या अभिनयाचं श्रेय काढून घेतो, हे लक्षातच येत नाही.

भगवानदादांना खलनायक ठरवायचं माझ्या मनात नाही. तेही तेव्हा उमेदीतले कलाकार होते, मुद्दाम कुणी काही केलं नव्हतं. पण म्हणूनच प्रश्न एका माणसाचा राहत नाही, कामाच्या पद्धतीचा होतो. मारामारीचा प्रसंग कसा घ्यायचा, तालीम किती करायची, इजा झाली तर खर्च कोणी करायचा? सिने-कामगारांना लेखी करार मिळावा यासाठी देशात कायदा आला तो १९८१ मध्ये, म्हणजे त्या थप्पडेनंतर ३९ वर्षांनी. आणि आजही सेटवर उंच चढून लाइट बांधणाऱ्या पोराचा विमा आहे का, हे आपण कधी विचारतो?

जिद्दीला सलाम करायलाच हवा. पण जिद्दीची गोष्ट सांगितली की बाकी सगळे सुटतात, हे वाईट. ललिताबाई उभ्या राहिल्या म्हणून आपल्याला त्यांचं नाव ठाऊक आहे. जे अशा अपघातानंतर उभे राहू शकले नाहीत, त्यांच्या पोस्ट कोणी फिरवत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी ती पोस्ट आली तर टाळी वाजवायच्या आधी 'अनाडी' एकदा बघा. आणि पोस्ट पुढे पाठवलीत, तर त्यात 'अपघात' हा शब्द तेवढा घाला.

पटलं तर सांगा. नाही पटलं तरी सांगा, बोलूया.