दयेचा परवाना

लेबनॉनमध्ये राज्यहीन अवस्थेत दिवस कंठणाऱ्या सुमारे २०० असिरियनांना स्वीडनने १९६७ साली आश्रय दिला. स्टॉकहोमजवळचे सॉडरटेल्ये हे कारखानदारीचे शहर त्यांच्या वसाहतीचे केंद्र बनले. पुढच्या दशकात तुर्कस्तानच्या आग्नेयेकडील तुर अब्दिन भागातून त्यांचे जातभाई हजारोंनी मागोमाग आले. १९१५ च्या कत्तलीची आठवण घरोघर जपणारा हा ख्रिस्ती समाज. स्वतःचे राज्य त्याला कोठेच नाही.

तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. १९७२ मध्ये स्वीडनच्या मध्यवर्ती कामगार महासंघाच्याच पुढाकाराने नॉर्डिक देशांबाहेरील मजुरांची भरती थांबली होती. कामगार म्हणून येण्याची वाट बंद झाली. उरली ती निर्वासिताची. तेथे प्रश्न आला व्याख्येचा. छळ तुर्की सरकार करीत नाही, शेजारचे जमीनदार व टोळ्या करतात. मग हे निर्वासित कसे? दरोडा पडत असताना पाठ फिरवून उभ्या राहणाऱ्या पोलिसाचा दरोड्याशी संबंध नसतो, असेच म्हणण्यासारखे हे झाले! १९७६ मध्ये सोशल डेमोक्रॅटिक सरकारने देशात पोचलेल्यांना माणुसकीच्या भूमिकेवरून राहू दिले आणि त्याच वर्षी तुर्की नागरिकांवर व्हिसाची सक्ती केली. जे हक्क म्हणून द्यायचे ते दया म्हणून दिले, आणि वर दारही लावून घेतले. सरकार आपल्या विचाराचे होते म्हणून याकडे डोळेझाक करण्याचे कारण नाही.

मात्र त्याच वर्षी तीन वर्षे वास्तव्य असलेल्या परदेशी नागरिकांना स्थानिक निवडणुकांत मताधिकार मिळाला, हेही नमूद केले पाहिजे. १९७७ च्या सुधारणेने शाळेत मातृभाषेच्या शिक्षणाची सोय झाली. तुर अब्दिनच्या खेड्यांत जी बोली केवळ तोंडी चाले, तिची पाठ्यपुस्तके स्वीडनच्या सरकारी खर्चाने निघाली. पण त्याच १९७७ च्या उन्हाळ्यात सॉडरटेल्येत स्थानिक तरुणांच्या टोळक्यांनी या लोकांवर हल्ले केले. कायदा पुढे गेला, गल्ली मागे राहिली. समाजही ‘असिरियन’ म्हणावे की ‘सिरियान’ यावरून दुभंगला. फुटबॉलचे संघसुद्धा दोन झाले.

१९१५ चा वंशसंहार स्वीडनच्या संसदेने मान्य केला तो २०१० मध्ये, अवघ्या एका मताच्या आधिक्याने. त्याआधी २००३ च्या इराक युद्धाने पळवून लावलेली कुटुंबे रोन्ना वस्तीतल्या नातलगांच्या आधीच भरलेल्या घरांत येऊन राहू लागली होती. अमेरिका व कॅनडा या दोन देशांनी मिळून घेतले नाहीत इतके इराकी निर्वासित एकट्या सॉडरटेल्येने घेतले, हे त्या शहराच्या महापौराला २००८ मध्ये अमेरिकन काँग्रेसपुढे जाऊन सांगावे लागले.