बातमी खोटी निघाल्यावर काय केलंत?

२० मार्च २००३ रोजी अमेरिका आणि ब्रिटनने इराकवर हल्ला केला. बरोबर ७६ वर्षं आधी, २० मार्च १९२७ला, महाडमध्ये चवदार तळ्याचं पाणी प्यायलेल्या माणसांवर काठ्या घेऊन जमाव तुटून पडला. एका बाजूला विमानं, दुसऱ्या बाजूला बांबू. पण समर्थन एकच : आमच्याकडे खबर होती.

इराकबद्दल अजूनही एकच वाद चालतो. बुश आणि ब्लेअर खोटं बोलले, की त्यांची फसगत झाली? हा वाद नेत्यांच्या सोयीचा आहे. त्यांच्या मनात काय होतं ते कुणालाच सिद्ध करता येत नाही, त्यामुळे ‘आम्हाला खरंच तसं वाटलं’ म्हणून सुटता येतं. त्यापेक्षा दोन प्रश्न विचारा. खबर तपासायची संधी होती तेव्हा काय केलंत? आणि ती खोटी निघाली तेव्हा थांबलात का?

आधी महाडला विचारू. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली मंजूर केला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४मध्ये तळं खुलं केलं होतं, पण कागदावर. १९२७च्या परिषदेत डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. परिषद संपली, लोक जेवून गावाकडे निघायच्या तयारीला लागले. तेवढ्यात आवई उठली, की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार.

ही खबर तपासायला मंडपापर्यंत चालत जाणं पुरेसं होतं. खुद्द आंबेडकरांनी रस्त्यावर येऊन जमावाला सांगितलं, की देवळात शिरायचा आमचा विचार नाही. तरी मंडपात शिरून माणसांना झोडपलं गेलं.

आता दुसरा प्रश्न. देवळात कुणी पाऊल टाकलं नाही, म्हणजे खबर खोटी निघाली. मग शुद्धी कशाची झाली? देवळाची नाही, तळ्याची! शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरी मंत्र म्हणत तळ्यात ओतल्या गेल्या. राग पाण्याचा होता, देऊळ फक्त निमित्त होतं. पुढे ४ ऑगस्ट १९२७ला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात दुसऱ्या सत्याग्रहाआधी कोर्टात दावा गेला, की तळं सार्वजनिक नाहीच. आधी देऊळ, मग मालकी, मग जुनी वहिवाट. कारणं बदलत गेली, हेतू जागचा हलला नाही. हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ उजाडलं.

हेच दोन प्रश्न इराकला लावा. हान्स ब्लिक्स यांचे निरीक्षक नोव्हेंबर २००२पासून इराकमध्ये तपासणी करत होते आणि आणखी वेळ मागत होते. वेळ मिळाला नाही. हल्ल्याआधी त्यांना देश सोडावा लागला. सद्दामकडे साठवलेली संहारक शस्त्रं पुढे सापडलीच नाहीत. मग सैन्य परत फिरलं का? नाही. युद्धाचं कारण बदललं. आता म्हणे इराकी जनतेला लोकशाही द्यायची होती.

यावर एक उत्तर नेहमी येतं. गुप्त माहिती कधीच शंभर टक्के पक्की नसते आणि वाट पाहत बसलं तर फार उशीर होतो. पहिला भाग अगदी खरा आहे. पण मग जनतेलाही तेवढंच सांगा ना, की ‘आम्हाला शंका आहे’. ब्रिटनच्या चिलकॉट चौकशीने २०१६मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं. इराकच्या धोक्याबद्दल जेवढ्या खात्रीने सांगितलं गेलं, तेवढ्या खात्रीला आधार नव्हता आणि शांततेचे मार्गही संपले नव्हते. शंका खालून वर जाता जाता खात्री झाली. ती आपोआप होत नाही, कुणीतरी करतं.

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने वर गेलं की प्रतापगड लागतो. शिवाजी घाबरलाय, ही खबर १६५९ साली अफजलखानाला गोड वाटली, कारण तीच ऐकायची होती. त्या विश्वासाची किंमत त्याने स्वतःच्या जिवाने चुकवली. आजच्या नेत्यांचा फरक इथेच आहे. बुश आणि ब्लेअर २००३नंतर पुन्हा निवडून आले. मेले ते इराकी आणि विशीतले सैनिक. खबर चुकली तर तिची झळ ज्यांना लागत नाही, ते ती तपासतील कशाला?

‘देशाची सुरक्षा आहे, पुरावा मागू नका,’ असं तुम्हाला पुढेही सांगितलं जाईल. कधी दिल्लीतून, कधी गल्लीतून, बहुतेकदा हातातल्या फोनवरच. त्या दिवशी सांगितलेलं कारण तारखेसकट लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तेच लोक दुसरं कारण सांगू लागले, तर पहिलं कधीच खरं नव्हतं असं समजा. आणि पुरावा मागणाऱ्याला कुणी देशद्रोही म्हटलं, तर त्याला महाडचं तळं दाखवा. तिथे खबर देवळाची होती आणि मार पाणी पिणाऱ्यांनी खाल्ला.